पिसाचा काठ

माझ्या वहीत आजच्या घडीला ११८ पिसं चिकटवलेली आहेत. प्रत्येक पिसाखाली पक्ष्याच्या पायातल्या कडीचा नंबर, तारीख आणि पीस छातीचं, पाठीचं की पंखावरचं, एवढं लिहिलेलं असतं. पहिलं पीस ऑक्टोबर २०२१ चं. त्याचा काळा काठ टोकाला जाड आहे आणि बाजूने खाली येता येता विरून जातो. आज ते पहिल्या नजरेत दिसतं. तेव्हा वर्षभर दिसलं नव्हतं.

ते पीस एका चंदेरी सेब्राइट कोंबड्याचं. सेब्राइट ही मूळची इंग्लंडमधली बुटकी जात. पूर्ण वाढलेला कोंबडा सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो, मादी त्याहून थोडी हलकी. छाती पुढे, पाठ आखूड, पंख जमिनीकडे झुकलेले, पाय निळसर राखाडी. आणि मानेपासून शेपटीपर्यंत प्रत्येक पांढऱ्या पिसाला चहूबाजूंनी बारीक काळा काठ, उन्हात हिरवट चमकणारा. सर जॉन सेब्राइट नावाच्या इंग्रज सरदाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक वर्षं खपून ही जात घडवली. हैदराबादच्या एका हौशी पाळणाऱ्याकडे मी ती पाहिली आणि एक नर, दोन माद्या घेऊन रात्रीच्या गाडीने नागपूरला आले. टोपली मांडीवर होती. वर्धा मागे पडलं तसा कोंबडा टोपलीतच आरवला, तेव्हा डब्यातली दोन मुलं उठून बघायला आली.

आई घरी वाट पाहत होती. तिचं माहेर तांडापेठेतलं, घरात दोन हातमाग होते. लग्न होईपर्यंत ती कांड्या भरायची आणि उतरलेल्या लुगड्याचा काठ बोटाने तपासायची. सकाळी तिने कोंबडा हातात घेतला, छातीची पिसं उलट्या हाताने फुलवली आणि म्हणाली, "बाई, याचा काठ तर अर्ध्यातच संपला." मला वाटलं, म्हातारीला नीट दिसत नसेल. तिने सांगितलेला दोष वहीतल्या पहिल्याच पिसात आहे.

तेव्हापासून या कामाला मी काठाचंच काम म्हणते. इंग्रजी पुस्तकांत त्याला लेस म्हणतात, आमच्या छंदाच्या मंडळीतही लेसच म्हणतात. पण लेस वरून लावतात. काठ कापडाबरोबर विणला जातो आणि तो बिघडला तर अख्खं लुगडं बिघडलं. पिसाचंही तसंच.

पहिल्या हिवाळ्यात, जानेवारी २०२२ मध्ये, मी २२ अंडी मशीनमध्ये ठेवली. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर धरून पाहिली, तर पाचच अंड्यांत शिरा दिसल्या. बाकीची कोरी. पाचातून तीन पिल्लं निघाली. मला वाटलं मशीनचं तापमान चुकलं. ३७.५ अंश ठेवलं होतं, दुसरा थर्मामीटर लावून पाहिला, तोही तेच सांगत होता. शेवटी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या एका डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कोंबडा पाहिला आणि मशीनबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांनी बोट ठेवलं ते कोंबड्याच्या शेपटीवर.

सेब्राइटच्या नराला मादीसारखी पिसं असतात. इतर कोंबड्यांना मानेवर टोकदार पिसं आणि शेपटीत विळ्यासारखी वळलेली लांब पिसं येतात, याला ती येत नाहीत. त्याच्या कातडीत एक विकर जास्त तयार होतं, ते नराच्या संप्रेरकाचं तिथल्या तिथे मादीच्या संप्रेरकात रूपांतर करतं, म्हणून पीस उगवतं ते गोल टोकाचं. थॉमस हंट मॉर्गन या शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी सेब्राइट कोंबड्यांचे वृषण काढून पाहिले होते, तेव्हा नव्याने आलेली पिसं चक्क नराची आली. मॉर्गन यांना पुढे १९३३ मध्ये नोबेल मिळालं, ते मुख्यतः फळमाश्यांवरच्या कामासाठी. काठ सगळीकडे सारखा यायचा तर ही गोल पिसंच हवीत, कारण टोकदार, लांबट पिसावर काठ तसा बसत नाही. पण शेपटीत अजिबात वळण नसलेले नर पुष्कळदा फळत नाहीत, हे जुन्या पाळणाऱ्यांचं निरीक्षण आहे. वर सेब्राइटचा तुरा गुलाबतुरा, म्हणजे चपटा, खडबडीत आणि मागे टोक निघालेला. या तुऱ्याचं जनुक आईबाप दोघांकडून आलेल्या नरांची फलनक्षमता कमी असते, हे तर अभ्यासातून सिद्ध झालेलं आहे. दिसायला जो सगळ्यात शुद्ध, तोच वंश चालवायला कच्चा. माझा कोंबडा दोन्ही बाबतींत शुद्ध होता.

त्या तीन पिल्लांत एक नर होता. वाढला तसं त्याच्या शेपटीतली दोन पिसं जराशी वळली. विळा म्हणावा इतकी नाही, पण सरळही नाही. छंदाच्या मंडळीतल्या एकाने फोटो पाहून कळवलं, प्रदर्शनात हा चालणार नाही, काढून टाका. मी ठेवला. कडी नंबर ४. आज माझ्या अंगणात जे काही आहे ते चार नंबरचं आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये चार नंबरला दोन माद्या दिल्या. तिघांच्याही शेपटीखालची, मागची पिसं कात्रीने आखूड केली, त्याने अंडी फळण्यात फरक पडतो. खुराड्यात पहाटे दिवा लावून दिवस चौदा तासांचा केला. १८ अंड्यांपैकी १३ फळली, ११ पिल्लं निघाली. नागपूरची थंडी कोरडी असते, त्यामुळे मशीनमध्ये पाण्याचं एक भांडं पुरत नाही. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवलं आणि ओला स्पंज ठेवून आर्द्रता सत्तरच्या जवळ नेली. बुटक्या जातीची पिल्लं बरेचदा एक दिवस आधीच बाहेर येतात, विसाव्या दिवशी पहाटे चिवचिव सुरू झाली. पिल्लू इतकं लहान की पाण्याच्या ताटलीत गोट्या टाकाव्या लागतात, नाहीतर बुडून मरतं.

इथे मी जी चूक केली ती सविस्तर सांगते, कारण नव्याने सुरू करणारे पुष्कळजण हीच करतात. आठव्या आठवड्यात पिल्लांची पिसं पाहिली तर बहुतेकांची कळकट होती. काठ कुठे आहे, कुठे नाही, मधल्या पांढऱ्यात मिरपूड सांडावी तसे काळे कण. मी पाच पिल्लं वाईट ठरवली आणि कामठीच्या ओळखीच्या एका बाईंना पाळायला दिली. जागा कमी होती, खाद्याचा खर्च वाढत होता, आणि मला वाटलं मी निवड करते आहे. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. "ताई, तुमची ती कळकट पिल्लं पाहायला या नं एकदा." मी गेले. अंगणात बाजेखाली एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, बसली होती, सात महिन्यांची. मी वाकून तिच्या छातीचं पीस फुलवलं. पांढरं स्वच्छ, काठ बारीक आणि पार बुडापर्यंत सलग. माझ्याकडे ठेवलेल्या सहांत अशी एकही नव्हती.

पिल्लू मोठं होईपर्यंत दोन-तीनदा पिसं बदलतं. पिल्लाची पिसं काठाबद्दल फार थोडं सांगतात, खरं कळतं ते सहा महिन्यांनंतरच्या पिसावर. आठव्या आठवड्यात पाय, चोच, तुरा, अंगलट एवढंच पाहावं. वाकडी बोटं, वाकडी चोच, एकेरी तुरा यांना तेव्हा बाजूला काढता येतं. काठ पाहायचा तर थांबावंच लागतं. त्या बाईंनी तलंग मला परत दिली, तिच्या पोटच्या दोन तलंगा त्यांना द्यायच्या या बोलीवर. पुढच्याच वर्षी मी दोन्ही नेऊन दिल्या. ती तलंग म्हणजे कडी नंबर ११.

तोवर वही सुरू झाली होती. पीस नेहमी त्याच तीन जागांवरून घ्यायचं: छातीच्या मधोमध, पाठीवर खांद्यांच्या मध्ये, आणि पंखाच्या मधल्या पट्ट्यातलं. पूर्ण वाढलेलंच घ्यायचं, देठात रक्त असलेलं कधीच नाही. ते पांढऱ्या कागदावर ठेवून आधी सरळ उजेडात पाहायचं, मग खिडकीसमोर धरून. काठ टोकालाच जाड होऊन चंद्रकोर झाली असेल तर तो दोष. काळ्याच्याही बाहेर पांढरी कड उमटली असेल तर तो त्याहून वाईट, कारण ती पिढ्यान् पिढ्या डोकं वर काढते. मिरी पडलेली असतील तर काळा रंग जिथून हटायला हवा तिथून पुरता हटलेला नाही. हा काठ एका जनुकाचा खेळ नाही. एक जनुक काळ्याला रेघेत बसवतं, दुसरं काळं वाढवतं, तिसरं ते पिसाच्या मधून हटवतं. तिन्ही एकत्र आली तरच एकेरी काठ. तिसरं नसलं तर आत आणखी एक काळी रेघ उमटते आणि काठ दुहेरी होतो, बार्नवेल्डर जातीत तोच मुद्दाम राखलेला असतो. म्हणूनच "गावठी कोंबडीशी संकर करा, ताकद येईल" असा सल्ला मला मिळाला तेव्हा मी ऐकला नाही. ताकद आली असती, पण या तिन्हीची मोट सुटली असती आणि ती परत बांधायला माझं उरलेलं आयुष्य लागलं असतं.

ताकद मात्र खरंच कमी होत चालली होती. चार नंबरला त्याच्या आईजवळच सोडलं होतं, पुढची पिढी आणखी जवळची. पिल्लं किरकोळ निघायला लागली. दुसऱ्या रक्ताचा चंदेरी सेब्राइट मला मिळेना. एका परिचिताकडे सोनेरी सेब्राइटची मादी होती, वेगळ्या घराण्यातली, काठ उत्तम. चंदेरीत सोनेरी मिसळायची म्हटल्यावर मंडळीत एकच ओरड झाली. पांढरा रंग पिवळा पडेल, सगळं जाईल. मी दोन रात्री कागदावर मांडणी केली आणि मग मादी आणली.

मांडणी अशी. चंदेरी-सोनेरी ठरवणारं जनुक लिंगाच्या रंगसूत्रावर असतं. पक्ष्यांत नराकडे ते रंगसूत्र दोन असतात, मादीकडे एकच, आणि तेही तिला बापाकडून मिळतं. चार नंबर शुद्ध चंदेरी. त्याला सोनेरी मादी दिली तर लेकांना बापाकडून चांदी आणि आईकडून सोनं मिळणार, म्हणजे ते दिसायला चंदेरी पण खांद्यावर, मानेवर गवताळ पिवळी झाक. लेकींना मात्र बापाची चांदीच मिळणार, दुसरं काही मिळायला जागाच नाही. लेक दिसते तशीच असते, नर मात्र सोनं पोटात लपवू शकतो. मग त्या लेकी घ्यायच्या, नर सोडून द्यायचे, आणि लेकींना पुन्हा शुद्ध चंदेरी नर द्यायचा. एका पिढीत सोनं बाहेर, नवं रक्त आत.

२०२४ च्या जानेवारीत निघालेल्या १४ पिल्लांत नेमकं तसंच झालं. सहाही नरांच्या मानेवर पावसाळा संपेपर्यंत पिवळी झाक आली, तलंगा स्वच्छ. आई म्हणाली, "हे तर हळदीचे हात लागल्यासारखे दिसून राहिले." ते सहाही नर देखणे होते. द्यायला जड गेलं, पण दिले, आणि घेणाऱ्यांना सांगून दिले की यांच्यापासून चंदेरी वंश चालवू नका.

पिवळेपणाची आणखी दोन कारणं आहेत आणि ती रक्तात नसतात. एक ऊन. नागपूरचं ऊन पांढऱ्या पिसाला पितळेचा रंग चढवतं, म्हणून माझं खुराडं आंब्याखाली आहे आणि दुपारी पक्षी बाहेर नसतात. दुसरं पिवळा मका. त्यातलं रंगद्रव्य पिसात उतरतं. मी मका जवळजवळ बंद करून ज्वारी सुरू केली. आमच्याकडे ज्वारीला काय तोटा! पिसं बदलण्याच्या दिवसांत मात्र नुसतं धान्य पुरत नाही. पीस म्हणजे बहुतांश प्रथिनच, म्हणून तेव्हा सोयाबीनची ढेप आणि थोडी सुकी मासळी.

उन्हाळ्याबद्दल फार लिहवत नाही. वाळ्याच्या ताट्या लावल्या, पोती भिजवून टांगली, माठाचं पाणी दिलं, खाद्य फक्त पहाटे आणि दिवस मावळल्यावर दिलं. तरीही मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात दुपारी तीन तास वीज गेली, कूलर बंद पडला, आणि चोच उघडी टाकून धापा टाकणारी ११ नंबर माझ्या हातात गेली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली होती. तिची तीन पिसं वहीच्या सोळाव्या पानावर आहेत. तिच्या दोन तलंगा कामठीला होत्या, त्यांतली एक त्या बाईंनी न मागता मला आणून दिली.

पुढच्या हिवाळ्यात सोनेरीच्या लेकी आणि ही कामठीची तलंग, सगळ्या चार नंबरकडे. लेकीला पुन्हा बापच द्यायचा, हे काही बरं नव्हे. पण त्या लेकींच्या सोनेरी आईचं रक्त पूर्ण वेगळं होतं, म्हणून एका पिढीपुरतं मी ते चालवून घेतलं. अंडी मशीनमध्ये होती तेव्हाच, जानेवारी २०२५ मध्ये, गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावल्याची बातमी आली. गोरेवाडा आमच्याच शहरात. मी फाटकाला कुलूप घातलं. दीड महिना कोणाला आत येऊ दिलं नाही, खुराड्याच्या चपला वेगळ्या ठेवल्या, वर जाळी घातली की कावळा-चिमणी खाली उतरू नये. बाहेरून अंडी, पक्षी, पिंजरे काहीही आणलं नाही. अंगणातला एकही पक्षी गेला नाही. त्या दीड महिन्यात मी रात्री उठून नुसती त्यांचा श्वास ऐकत उभी राहायचे.

२३ पिल्लं निघाली, धडधाकट. पहिल्या दिवशी मॅरेक्सची, म्हणजे कोंबड्यांना लुळं करणाऱ्या विषाणूच्या रोगाची लस, मग मानमोडीची, गम्बोरोची, सातव्या आठवड्यात देवीची. सेब्राइटला मॅरेक्स फार लवकर धरतो, ती लस चुकवून चालत नाही. या वेळी आठव्या आठवड्यात मी काठ पाहिलाच नाही. सप्टेंबरात एका रविवारी आईला अंगणात खुर्ची टाकून दिली आणि एकेक पक्षी तिच्या मांडीवर ठेवला. चष्मा लावून ती प्रत्येकाची छाती, पाठ, पंख फुलवत होती आणि मी लिहीत होते. ३१ नंबरच्या तलंगेवर ती थांबली. "ही ठेव. पण शेपटीकडे काठ जाड होऊन राहिला."

शहराबाहेर एका शेतावर छंदाची मंडळी जमणार होती, दक्षिणेतून एक जुने परीक्षक येणार होते. ३१ नंबर आणि एक नर, २७ नंबर, यांना दोन आठवडे आधीपासून लहान पिंजऱ्यात राहायची, हातात उभं राहायची सवय लावली. दोन दिवस आधी आंघोळ. तीन टब कोमट पाणी: पहिल्यात लहान मुलांचा शाम्पू, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात थोडं व्हिनेगर, म्हणजे साबणाचा अंश राहत नाही. पीस नेहमी देठाकडून टोकाकडे चोळायचं, उलटं चोळलं तर काठ फाटतो. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. वाळल्यावर ते पंखातल्या पंखात स्वतःच पिसं लावून घेतात, ते बघत बसायला मला फार आवडतं. तुऱ्याला आणि पायांना खोबरेल तेलाचं बोट.

परीक्षकांनी २७ नंबरला हातात घेतलं, पंख उघडला आणि परत ठेवलं. उडायच्या मोठ्या पिसांत काळं नको तिथे पसरलं होतं. मी छाती, पाठ आणि मधला पट्टा पाहत आले होते, पंख शेवटपर्यंत उघडून पाहिला नव्हता. वहीत आता चौथी जागा आहे. ३१ नंबरजवळ ते बराच वेळ उभे राहिले. छातीवर फुंकर मारली, पिसं बाजूला झाली, परत बसली. मग शेपटी बोटांत धरून पसरली आणि मला जवळ बोलावून हिंदीत म्हणाले की यहाँ देखिए, किनारा भारी हो गया है। तिला वर्गात दुसरा क्रमांक मिळाला. पहिला कोणाला गेला ती मादी मी जाऊन पाहिली. तिचा काठ शेपटीच्या टोकापर्यंत सारखा होता, आणि पहिला तिलाच मिळायला हवा होता.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "मग आता हलक्या काठाचा नर पाहा तिच्यासाठी." मीही तोच विचार करत आले होते, पण जाड आणि हलका एकत्र केले की मधला येतो असं होत नाही. काही पिल्लं जाड येतात, काही हलकी. तिला हवा असा नर ज्याची शेपटी मुळातच बरोबर आहे. वही काढून बसलो. १९ नंबरची शेपटी बरोबर आहे, छातीवर जरा मिरी आहेत, आणि त्याच्या शेपटीत चार नंबरसारखं बारीकसं वळण आहे.

या शनिवारी त्या दोघांची नऊ अंडी मशीनमध्ये ठेवली. पुढच्या शनिवारी टॉर्च लावून पाहायची आहेत.